ठाणे कट्टा : पारसिकचा बोगदा पुन्हा वाचताना

नौपाडेकर (सोमवार, रात्री ९:१०)

काल रविवारी ठाण्यात आपल्या संकेतस्थळाच्या सदस्यांचा कट्टा झाला. वृत्तांत मी लिहावा असे ठरले होते, म्हणून हा धागा उघडत आहे. एकूण आठ जण जमलो होतो. गेली नऊ वर्षे आपण एकमेकांचे लिखाण वाचत आहोत, घरातील आजारपणे आणि मुलांचे निकाल एकमेकांना कळवत आहोत, क्वचित भांडलोही आहोत. तरी समोरासमोर भेट ही पहिलीच. घरी परतल्यापासून मी जुने धागे काढून वाचत बसलो आहे आणि त्यांतील एक धागा मला तेव्हा मुळीच कळला नव्हता, हे आता लक्षात आले आहे. त्याविषयी लिहिण्यासाठीच खरे तर हा वृत्तांत आहे. पण आधी सकाळपासूनचा क्रम सांगतो.

स्थानकाच्या पश्चिमेला सॅटिसच्या, म्हणजे बसगाड्यांच्या उन्नत पुलाच्या, जिन्याखाली साडेआठ वाजता भेटायचे होते. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाने हातात एक दिवाळी अंक धरावा, अशी सूचना खाडीकाठ यांनी केली होती. ऐरोली, घणसोली आणि वाशीची मंडळी ट्रान्सहार्बरच्या गाडीने येणार होती. हा मार्ग २००४ मध्ये सुरू होण्यापूर्वी वाशीहून ठाण्याला रेल्वेने यायचे तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागे. आता अर्ध्या तासात माणूस थेट ठाण्यात उतरतो, आणि म्हणूनच मात्रावेलांटीबाई सत्तरी उलटल्यावरही एकट्या येऊ शकल्या.

मी वीस मिनिटे तेथे फेऱ्या मारत होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांकडे पाहत होतो. जिन्याच्या खांबाला टेकून एक गृहस्थ उभे होते. निळा सदरा, पाठीला पिशवी आणि हातात पांढरी काठी. त्यांच्यासमोरून मी दोनदा गेलो. हातात अंक नव्हता, म्हणून मी दुसऱ्यांदा तर त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तेवढ्यात घणसोलीचा आला आणि मी त्याला म्हणालो, "बाकीचे यथावकाश येतीलच." त्याबरोबर ते गृहस्थ वळले आणि म्हणाले, "नौपाडेकर ना? तुमचे 'यथावकाश' मी नऊ वर्षे ऐकतो आहे."

ते आपले आठबावन्नची_जलद होते.

'ऐकतो आहे' या शब्दाचा अर्थ मला त्या क्षणी उलगडला. बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीविषयी, तिच्या १४ डब्यांविषयी आणि ती ओढणाऱ्या तीन इंजिनांविषयी ज्यांच्या लेखमालेतून आपण सगळे शिकलो, ज्यांना लोकलच्या वेळापत्रकातील प्रत्येक बदल आपल्याआधी कळतो, ते डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, हे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. त्यांनी आदल्या दिवशी निरोपात लिहिले होते, "अंकाचे जमले नाही तरी चालेल, मी तुम्हांला बोलण्यावरून ओळखीन." मला ते वाक्य मैत्रीच्या भरात लिहिलेले वाटले होते.

सगळे जमल्यावर आम्ही तलावपाळीकडे निघालो. मी त्यांचा दंड धरू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, आपण धरून चालवायचे नसते. त्यांना आपला कोपर धरू द्यायचा आणि अर्धे पाऊल पुढे चालायचे, म्हणजे आपल्या अंगाच्या हालचालीवरून त्यांना वळण आणि उतार कळतो. पायरी आली की 'पायरी' एवढेच म्हणून भागत नाही, ती वर जाते की खाली, हे सांगावे लागते. स्थानकापासून तळ्यापर्यंतचा रस्ता मी हजारो वेळा चाललो असेन. पण पदपथ किती ठिकाणी तुटलेला आहे आणि त्यावर किती दुचाक्या आडव्या लावलेल्या असतात, हे मी काल प्रथमच पाहिले.

वाटेत मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दारासमोर ते थांबले. महाविद्यालयात असताना ते तेथे नेमाने येत असत, पण संध्याकाळ होण्यापूर्वी घरी निघत, कारण तेव्हापासूनच अंधारात दिसेनासे झाले होते. १ जून १८९३ रोजी, म्हणजे मराठी पुस्तकांसाठी वेगळे ग्रंथालय असावे ही कल्पनाच नवी असताना, विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था उभी केली. आपल्या वाचनाला जेथे वळण लागले, त्या दारासमोर आपण आठ जण एकत्र उभे आहोत, याने मला भरून आले.

मिसळ तहसील कचेरीजवळच खाल्ली. तिच्या तिखटपणाविषयी आपल्याकडे जे वाद झाले आहेत, ते प्रत्यक्ष घास घेतल्यावर आपोआप मिटले, एवढेच नोंदवतो.

नंतर तळ्याकाठी कठड्यावर दोन तास बसलो. एका हाताला गडकरी रंगायतन, दुसऱ्या बाजूला कोपिनेश्वर. आठबावन्न यांनी विचारले, "तळ्याच्या मध्यावरचे देऊळ येथून दिसते का?" मी दिसते म्हणालो. मग ते म्हणाले, "त्याच्या उजवीकडे पाणी कसे आहे, ते सांगा." मी सांगू लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. सकाळच्या उन्हात पाणी नेमके कसे दिसते, हे सांगायला माझ्यापाशी शब्द नव्हते. खाडीकाठ यांनी ते वर्णन पुरे केले आणि ते इतके नेटके केले की, आम्ही डोळसांनीही तळ्याकडे पुन्हा पाहिले.

आता त्या धाग्याविषयी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यानच्या नव्या मार्गिका सुरू झाल्या आणि जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जाणे बंद झाले. तेव्हा आठबावन्न यांनी लिहिले होते :

"कालपासून जलद गाड्या बोगद्यातून जात नाहीत. बोगद्यात शिरले की चाकांचा आवाज चहूबाजूंनी अंगावर येतो, हवा गार होते, बोलणारे क्षणभर थांबतात. आणि आवाज एकदम मोकळा झाला की मी उठून दाराकडे सरकतो. १९१६ साली खणून झालेला हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा माझ्यासाठी ठाण्याची पाटी होता. ती पाटी आता काढून नेली आहे."

त्याखाली आपण किती प्रतिसाद दिले होते! मी स्वतः लिहिले होते, "प्रतिमा फार सुंदर आहे." ती प्रतिमा नव्हती. घराबाहेर पडणाऱ्या माणसाची रोजची खूण हरवल्याचे ते सरळ निवेदन होते. कोठे उतरायचे हे ज्यावरून कळत असे, ते गेले होते. त्यांनी ते स्वच्छ मराठीत आपल्याला सांगितले होते आणि आपण त्याचे कौतुक करून पुढे गेलो होतो. त्यांनी काहीही लपवले नव्हते. मीच नीट वाचले नव्हते.

बाकीच्यांनी आपापल्या आठवणी लिहाव्यात, अशी विनंती करतो.

घणसोलीचा (सोमवार, रात्री ९:४८)

मी रात्रपाळी संपवून थेट आलो होतो आणि तासाभरात निघायचे ठरवले होते; प्रत्यक्षात दुपारी दोन वाजता घरी पोहोचलो. परतताना आठबावन्नदादांना डोंबिवलीच्या फलाटापर्यंत सोडतो, असे म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "सोडायला नको, गप्पा मारायला चल." नौपाडेकरकाकांनी बोगद्याचे लिहिले आहे, त्यात माझाही प्रतिसाद आहे. मी त्यांना विचारले होते की, बोगद्याची एखादी छायाचित्रमालिका कराल का? त्यांनी उत्तर दिले होते, "ते तुम्ही करा, मी मजकूर लिहितो." मी ते कधी केले नाही. आता करणार आहे.

मात्रावेलांटी (मंगळवार, सकाळी ६:२०)

मला रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटेच लिहिते.

मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. येथे आल्यावरही सवय सुटली नाही आणि ज्यांच्या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सर्वांत अधिक सापडत, ते आठबावन्नची_जलद होते. त्यांचा आशय इतका चांगला असे की, चुका मला अधिक बोचत. मी त्यांना साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लिहून पाठवले, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४, असे अठराही, उदाहरणांसह. एकदा तर मी लिहिले होते की, लिहून झाल्यावर एकवार डोळ्यांखालून घालत जा.

हे वाक्य मला परवा तळ्याकाठी आठवले. ते माझ्या शेजारी बसले होते आणि कागदात गुंडाळलेले चणे मला देत होते. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकार असे वेगवेगळे उच्चारतच नाही. तो भेद डोळ्यांनी पाहूनच शिकायचा असतो. मी वर्गात हे अनेकदा सांगितले आहे, आणि ज्याला तो पाहता येत नाही अशा माणसाला मी नऊ वर्षे त्यासाठी बोल लावत आले. मी त्यांची मनापासून क्षमा मागते. यापुढे मी त्यांच्या लिखाणात दुरुस्ती सुचवणार नाही.

माहेर_कळवा (मंगळवार, सकाळी ७:०५)

मेलबर्नहून लिहिते आहे, येथे दुपार आहे. कट्ट्याला येता आले नाही, याचे दुःख वृत्तांत वाचून दुप्पट झाले. माझे बालपण कळव्यात रुळांच्या बाजूला गेले. बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकून आई कुकर लावत असे, कारण त्यानंतर बाबा वीस मिनिटांत घरी येत. बोगदा आमच्याही घराचे घड्याळ होता. त्यामुळे त्या लेखावर मी तेव्हा खूप रडले होते, पण माझ्या कारणासाठी.

नौपाडेकरकाका, एक प्रश्न विचारते, राग मानू नका. पांढरी काठी दिसूनही आपल्याला ते आपल्यातले असू शकतील, असे का वाटले नाही?

नौपाडेकर (मंगळवार, सकाळी ८:१५)

राग मुळीच नाही. मी ज्याला शोधत होतो, तो खूप वाचणारा आणि खूप लिहिणारा माणूस होता, आणि असा माणूस दृष्टिहीन असेल, हे माझ्या मनात आलेच नाही. याहून वेगळे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि हेही त्यांना मी परवा समोरासमोर सांगितले आहे.

आठबावन्नची_जलद (मंगळवार, रात्री १०:३०)

सर्वांचे प्रतिसाद दिवसभरात ऐकले. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण कार्यालयातून आल्यावर निवांत लिहायचे होते.

प्रथम आजाराविषयी, म्हणजे पुन्हा कोणाला विचारावेसे वाटले तर संकोच नको. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. तो आनुवंशिक आहे. शाळेत असताना दिवेलागणीनंतर चेंडू दिसत नसे, तेथून सुरुवात झाली. पुढे नजरेच्या कडा आत येत गेल्या, जणू मी जग एका नळीतून पाहत होतो आणि नळी वर्षागणिक अरुंद होत होती. तिसाव्या वर्षाच्या आसपास ती मिटली. त्यामुळे तलावपाळी मी पाहिलेली आहे. तळ्यातले ते देऊळ मला आजही दिसते. फक्त ते किती जुने चित्र आहे, हे अधूनमधून कोणाला तरी विचारून घ्यावे लागते.

मी हे येथे का लिहिले नाही? लिहायचे नाही, असे ठरवले नव्हते. येथे मी रेल्वेविषयी लिहायला आलो आणि तोच विषय चालू राहिला. घरी, कार्यालयात, स्थानकावर माझी ओळख काठीपासून सुरू होते. येथे ती वाक्यापासून सुरू झाली. ते मला आवडत होते, हे मात्र कबूल करतो.

आता यंत्राविषयी, कारण घणसोलीच्याने फलाटावर ते विचारले होते आणि गाडी आल्यामुळे राहून गेले. माझी दृष्टी गेली, त्या काळात मराठी मजकूर संगणकावर शुषासारख्या फाँटांमध्ये असे. पडद्यावर अक्षरे देवनागरी दिसत, पण आत साठवलेली असत रोमन लिपीची चिन्हे. पडदा वाचून दाखवणारी प्रणाली आतले वाचते. त्यामुळे मराठी पान उघडले की मला निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येत असे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तेथे क हा क म्हणूनच साठवला जातो. युनिकोड रुळले आणि २००६ मध्ये एनव्हीडीए ही मोफत वाचक प्रणाली निघाली, या दोन गोष्टींमुळे मी पुन्हा मराठी वाचक झालो. त्याआधीची काही वर्षे माझी मराठी केवळ रेडिओची आणि शेजाऱ्यांची होती. टंकन मी इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीने करतो. त्यात व्यंजने एका हाताला आणि स्वर दुसऱ्या हाताला येतात, म्हणून बोटांना ते लवकर पाठ होते.

यामुळे एक गोष्ट घडली आहे, ती तुम्हांला सांगायला हवी. ही प्रणाली सगळ्यांचे लिखाण एकाच आवाजात वाचते. नौपाडेकरकाका, मात्रावेलांटीबाई, खाडीकाठ, माहेर_कळवा, मी नऊ वर्षे तुम्हां सगळ्यांना एका यंत्राच्या आवाजात ऐकले आहे. कोण बोलत आहे, हे मला नुसत्या शब्दांवरून ओळखावे लागे. काकांचे 'यथावकाश', बाईंचे 'हे ध्यानात असू द्यावे', खाडीकाठ यांचे ओहोटीला 'सुकती' म्हणणे. बहुतेक वेळा नाव वाचले जाण्यापूर्वीच मी ओळखत असे. रविवारी जिन्याखाली उभा असताना प्रथमच तुमचे आवाज वेगळे झाले. खाडीकाठ यांचा आवाज खर्जातला आहे, हे माझ्यासाठी मोठे आश्चर्य होते, कारण त्यांची वाक्ये पाखरासारखी छोटी छोटी असतात. आता त्यांचा लेख लागला की यंत्राच्या आवाजामागून तो दुसरा आवाजही येतो.

बोगद्याच्या धाग्याबद्दल काकांनी वाईट वाटून घेऊ नये. माहेर_कळवा यांना त्यात कुकर आठवला, कोणाला शाळेची सहल आठवली. लिहिलेल्या मजकुरात इतक्या जणांना आपापले काही सापडले, यात मला कमी मिळाले असे नाही. आणि नवी खूण मला सापडली आहे. गाड्या आता मुंब्र्यावरून जातात, तेव्हा रेतीबंदरला खाडीचा वास येतो आणि गाडी वळण घेते. सुकतीला वास अधिक, भरतीला कमी. भरतीच्या वेळांची माहीती मला खाडीकाठ यांच्या धाग्यांतूनच मिळते, म्हणून त्या लिहीत राहोत.

मात्रावेलांटीबाई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा ऐकला. क्षमेचे कारण नाही. माझे शब्द दोन प्रकारचे आहेत. जे दृष्टी असताना वाचले, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतात आणि बहुधा बरोबर येतात. ज्यांच्याशी गाठ कानानेच पडली, ते चुकतात. एकेक अक्षर थांबून ऐकले तर यंत्र ऱ्हस्व आणि दीर्घ निराळे सांगते. पण कोठे थांबायचे, हे कळायला हवे. ते मला तुमच्याशिवाय कोणी सांगितले नाही. तुम्ही पाठवलेले अठरा नियम माझ्याकडे वेगळ्या फाईलमध्ये आहेत. दुरुस्ती बंद करू नका.

खाडीकाठ (बुधवार, दुपारी १:४०)

आठबावन्न मला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या प्रत्येक धाग्यावर एकच प्रश्न विचारत असत : "ते ओरडतात कसे?" छायाचित्रांची स्तुती इतर सगळे करत; हे मात्र आवाजच विचारत. मला ते जाणकाराचे कुतूहल वाटे आणि मी दर वेळी "बदकासारखे" एवढे उत्तर देऊन मोकळी होत असे.

आज सकाळी भरतीच्या वेळी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने गेले आणि कॅमेरा पिशवीतच ठेवला. मी मुद्दाम डोळे मिटून बसले. आता नीट सांगते. लांबून थवा एकसंध गुणगुणल्यासारखा ऐकू येतो, जणू एखाद्या लग्नघरातील बोलणे भिंतीपलीकडून यावे. जवळ गेल्यावर त्यातून एकेक आवाज सुटा होतो. तो बदकासारखा नाही, हंसकुळातील मोठ्या पक्ष्यांसारखा आहे : घोगरा, नाकातून काढलेला, दोन तुकड्यांत तुटणारा. छोटे रोहित अधिक उंच पट्टीत बोलतात. ते पाण्यातील शेवाळ चोचीने गाळतात, तेव्हा बारीक चुळबुळ ऐकू येते. आणि थवा उडाला की आधी पायांचे चपचप पाण्यावर धावते आणि मग पंखांचा आवाज वर उठतो. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तिचे नाव आले, त्या दोन्ही वेळी मी भरभरून लिहिले. पण खाडी ऐकू कशी येते, हे मी लिहिलेच नव्हते.

दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले आहे. बोटीच्या यंत्राचा आवाज मध्ये मध्ये आहे, तो काढण्याचा प्रयत्न करते. जुन्या छायाचित्रांखालीही मी आता वर्णने लिहायला घेतली आहेत. रोज पाच होतील.

मात्रावेलांटी (बुधवार, सायंकाळी ५:५५)

आठबावन्न, आपला आदेश मान्य आहे.

आपल्या प्रतिसादात रेतीबंदरच्या परिच्छेदात 'माहीती' असे आले आहे. तेथे 'माहिती' हवे. शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले की मराठी शब्दांतील त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व होतो : किडा, विळी, महिना. 'माहीत' हा शब्द मात्र अकारान्त आहे, म्हणून त्यात 'ही' हे अक्षर दीर्घच. दोन्ही शब्द जवळजवळ असल्यामुळे गल्लत होते, हे ध्यानात असू द्यावे. बाकी मजकूर निर्दोष आहे.

आठबावन्नची_जलद (बुधवार, रात्री ९:०५)

आभारी आहे, बाई. खाली प्रतिसाद आल्यावर येथे मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे ते अक्षर तसेच राहील. मी आत्ता दोन्ही शब्द एकेक अक्षर थांबून ऐकले. 'माहीत' मध्ये दीर्घ, 'माहिती' मध्ये ऱ्हस्व. फाईलमध्ये नोंद केली.

खाडीकाठ, बोटीच्या यंत्राचा आवाज काढू नका.